यूछ्येन: उत्तर चीनमध्ये वसंतात खाल्ल्या जाणाऱ्या एल्मच्या बिया कशा ओळखाव्या, मिळवाव्या आणि शिजवाव्या

शिकायला किंवा नोकरीसाठी बीजिंग, थ्येनचिन, शिआन, शन्यांगकडे आला असाल, तर पहिल्याच वसंतात हे दृश्य दिसेल: मार्चच्या अखेरीपासून, उत्तरेकडे जावं तसं उशिरा, वयस्कर बायका-पुरुष पिशव्या घेऊन काही ठरावीक झाडांखाली उभे राहतात, फांदी हळूच खाली ओढतात आणि मुठीने काहीतरी हिरवं ओरबाडून पिशवीत टाकतात. सकाळच्या बाजारातही तेच हिरवं ढिगाने विकायला येतं. त्या एल्म झाडाच्या कोवळ्या बिया, पापडीसकट. चिनीत त्यांना यूछ्येन म्हणतात. जुन्या चिनी नाण्यांसारख्या गोल दिसतात, म्हणून 'एल्मची नाणी'.

मराठी माणसाला हे झाड अगदीच परकं नाही. आपल्याकडचा वावळ याच कुळातला. उन्हाळ्याच्या तोंडावर वावळाच्या पापड्या वाऱ्याने अंगणभर उडतात आणि गावाकडची पोरं त्या सोलून आतलं बी खातात. चीनमध्ये मात्र बी पक्व व्हायची वाट बघत नाहीत. पापडी कोवळी, रसदार असताना अख्खीच खातात. त्यामुळे वावळाचा अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो. बाकीचं पुढे क्रमाने सांगते.

१. झाड हंगामाच्या आधीच ओळखून ठेवा

एल्मच्या अनेक जाती चीनमध्ये आहेत. खाण्यासाठी ज्याच्या बिया काढतात तो मुख्यतः सायबेरियन एल्म, शास्त्रीय नाव उल्मस प्युमिला. थंडी, दुष्काळ, खारवट जमीन सगळं सोसतो, म्हणून उत्तरेत गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर, जुन्या वसाहतींच्या अंगणात सगळीकडे आढळतो.

ओळखायच्या खुणा:

- साल करडी, खडबडीत, उभ्या खोल भेगा पडलेली.
- फुलं पानांच्या आधी येतात. बारीक, तपकिरी-जांभळट झुबके. लक्ष नसेल तर दिसतही नाहीत.
- फुलांमागून बिया येतात, त्याही पानं फुटायच्या आधी किंवा पानांसोबतच. फांदीला थेट चिकटलेले दाट हिरवे घोस दिसतात.
- प्रत्येक पापडी जवळपास गोल, साधारण 1 ते 2 सेंटिमीटर रुंद, मधोमध बी, भोवती पातळ पडदा आणि टोकाला छोटीशी खाच.
- पानं साधी, कडा करवतीसारख्या.

ही ओळख मार्चच्या सुरुवातीलाच करून ठेवा. फुलं दिसली की जागा लक्षात ठेवा. बिया दिसल्यावर शोधाशोध सुरू केलीत तर निम्मा हंगाम त्यातच जातो.

गल्लत कुठे होते तेही सांगते. ॲश झाडाच्या बिया लांबट, एका बाजूला पंख असलेल्या असतात. मेपलच्या जोडीने येतात, दोन पंख फाकलेले. आयलँथसची पापडी लांब आणि पिळलेली असते, आणि तिचे वाळलेले झुबके हिवाळाभर झाडावर लोंबत राहतात. हे तिन्ही घ्यायचे नाहीत. पापडी गोल आणि बी मधोमध या दोन्ही खुणा जुळल्याशिवाय हात लावू नका. एल्ममध्येही एक जात, चायनीज एल्म, शरद ऋतूत फुलते. त्याच्याखाली एप्रिलमध्ये वाट बघत उभं राहण्यात अर्थ नाही.

शहरांत रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात पिवळ्या पानांचा एल्म कापून कुंपणासारखा लावलेला असतो. तो याच जातीचा असला तरी शोभेसाठी लावलेला, धुराधुळीतला आणि बहुधा फवारलेला. त्यावरच्या बिया सोडून द्या.

२. दिवस मोजकेच असतात

एका झाडावर बिया खाण्याजोग्या राहतात त्या जेमतेम आठवडा-दहा दिवस. ऊन कडक पडलं तर त्याहूनही कमी. चिनी शेतकरी सौर पंचांगातल्या दोन तिथींचा आधार घेतात: छिंगमिंग, म्हणजे 4 किंवा 5 एप्रिल, आणि गूयू, म्हणजे 19 किंवा 20 एप्रिल. अंदाजासाठी एवढं पुरे:

- हनान आणि शिआनच्या परिसरात मार्चच्या अखेरीपासून.
- बीजिंग, थ्येनचिन, हपेईत छिंगमिंगच्या आगेमागे, एप्रिलच्या मध्यापर्यंत.
- शन्यांग, छांगछुन, हार्बिनकडे एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात.

तारखेपेक्षा पापडीवर विश्वास ठेवा. रंग पोपटी, बोटांत दाबली की ओलसर, चावली की कुरकुरीत आणि मागून हलकी गोड, किंचित बुळबुळीत: घ्या. पडदा फिकट पिवळा-पांढरा, कागदासारखा, मधलं बी टणक: उशीर झाला. अशा बिया कितीही शिजवल्या तरी तोंडात चोथा राहतो.

३. विकत घ्यायच्या की तोडायच्या?

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी विकत घ्या. सकाळच्या बाजारात, ज्याला झाओशी म्हणतात, शहराबाहेरच्या गावांतून आलेले लोक टोपलीत किंवा पोत्यावर यूछ्येन मांडून बसतात. वजन जिनमध्ये, 1 जिन म्हणजे 500 ग्रॅम. लवकर जा. उन्हात ढीग गरम होतो आणि खालच्या बिया काळ्या पडू लागतात, म्हणून हात ढिगात आत घालून बघा. आत ऊब लागली तर दुसरीकडे चला.

विचारायचे दोन प्रश्न पाठ करून ठेवा. 'नन् मा?' म्हणजे कोवळ्या आहेत का? आणि 'दा याओ ला मा?' म्हणजे औषध मारलंय का? उत्तर ऐकून विक्रेत्याचा चेहराही बघा. घरच्या झाडाच्या बिया विकणाऱ्या आजी हा प्रश्न विचारल्यावर बहुधा स्वतःच एक चिमूट तोंडात टाकून दाखवतात.

तोडायच्या असतील तर नियम समजून घ्या. सार्वजनिक बागा आणि उद्यानांत फुलं, फळं, पालेभाज्या तोडायला बंदी असते, आणि दंड होऊ शकतो. स्थानिक आजोबा तोडताना दिसले म्हणून तुम्हालाही मुभा आहे असं समजू नका. परदेशी माणसाने गणवेशातल्या रखवालदाराशी झाडाखाली वाद घालणं तर टाळावंच. जुन्या झाडांवर क्रमांकाच्या पाट्या असतात. बीजिंगमध्ये लाल पाटी म्हणजे 300 वर्षांहून जुनं झाड, हिरवी म्हणजे 100 वर्षांहून जुनं. या झाडांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या फांदीलाही हात लावू नका.

मग तोडायचं कुठे? ओळखीच्या माणसाच्या गावी, त्याच्या अंगणातल्या किंवा बांधावरच्या झाडावर, त्याला विचारून. सहकाऱ्याला किंवा घरमालकिणीला सांगून बघा की तुम्हाला यूछ्येन खाऊन बघायच्यात. बहुतेक वेळा रविवारचं निमंत्रणच येतं.

फवारणीचा धोका सगळ्यांत मोठा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. एल्मची पानं खाणारे भुंगे आणि मावा यांच्यासाठी शहरातल्या झाडांवर वसंतातच औषध मारायला सुरुवात होते. खोडाला सलाईनसारखी पिशवी टांगलेली दिसली, खोडात भोकं पाडून बुजवलेली दिसली किंवा जवळ सूचनेची पाटी दिसली, तर ते झाड सोडा. पाटी वाचता येत नसेल तर फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने फोटो काढून वाचा. खोडात टोचलेलं औषध झाडाच्या आतून फिरतं. ते धुऊन जात नाही, हे कायम लक्षात असू द्या.

४. बरोबर काय न्यावं

- कापडी पिशवी किंवा वेताची टोपली. प्लास्टिकच्या पिशवीत बिया घामेजतात आणि तापतात.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सुती हातमोजे. डहाळ्या बोटांना सोलतात.
- टोकाला आकडी लावलेली लांब काठी, फांदी खाली वाकवण्यापुरती.
- पाणी, आणि एल्मच्या परागकणांचा त्रास असेल तर मास्क.
- पासपोर्ट. गावाकडे जाताना तो खिशात असलेला बरा.

५. तोडण्याची रीत

फांदी एका हाताने धरा, दुसऱ्या हाताची मूठ सैल मिटून फांदीच्या बुडाकडून टोकाकडे ओढा. बिया सहज निघून मुठीत येतात. उलट्या दिशेने ओढलंत तर साल आणि पानांचे कोंब निघतात, आणि झाडाचं वर्षभराचं नुकसान होतं.

झाडावर चढू नका. सायबेरियन एल्मची फांदी ठिसूळ असते, दिसते त्यापेक्षा लवकर तुटते. जमिनीवरून हाताला येतील तेवढ्याच घ्या. एका झाडाच्या सगळ्या फांद्या लुटू नका, चार-पाच फांद्यांवरून थोड्या थोड्या घ्या. दोघांच्या जेवणाला 1 जिन भरपूर होतात.

सकाळी दव सुकल्यावरची वेळ चांगली. पावसात भिजलेल्या बिया आणल्या तर त्याच दिवशी शिजवा.

६. निवडणं आणि धुणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. प्रत्येक पापडीच्या बुडाशी तपकिरी देठ आणि वाळलेल्या फुलाचा अवशेष असतो. तो राहिला तर जिभेला खरखरतो. बिया परातीत पसरा, देठ, काटक्या, पिवळ्या पापड्या काढा. दोन माणसं गप्पा मारत बसली तर अर्ध्या तासात होतं.

मग मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घ्या, चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं भिजवा. मावा आणि बारीक किडे वर येतात. बिया वरच्यावर झाऱ्याने उचला, पाण्यासकट ओतू नका, नाहीतर तळाची माती परत त्यांच्यावरच बसते. दोन-तीन पाणी बदला. चाळणीत निथळून स्वच्छ पंचावर पसरा. वरचं पाणी सुकावं, पण बिया दमट राहाव्यात. पुढचं सगळं या दमटपणावर अवलंबून आहे.

७. शिजवणं

पहिली मूठ कच्चीच खाऊन बघा, वर किंचित साखर भुरभुरून. नुसती चव समजण्यासाठी. नंतर वाफवा, कारण यूछ्येनचा खरा पदार्थ तोच.

उत्तरेत प्रांतागणिक त्याचं नाव बदलतं. शिआनकडे मायफान, हपेईत खूलेई, ताईयुआनकडे बोलांझ. रीत सगळीकडे एकच: ओलसर पाल्याला कोरडं पीठ चोळायचं आणि वाफवायचं. आपल्या पीठ पेरून केलेल्या भाजीसारखंच, फक्त कढईऐवजी वाफेचं भांडं.

लागेल ते:

- निवडून धुतलेल्या बिया 500 ग्रॅम
- गव्हाचं पीठ सुमारे 150 ग्रॅम. अर्धं गहू, अर्धं मका घेतलं तर चव जास्त गावरान लागते
- तेल दीड मोठा चमचा
- लसणाच्या 5 पाकळ्या, मीठ, काळं व्हिनेगर 2 चमचे, तिळाचं तेल 1 लहान चमचा, आवडीप्रमाणे लाल तिखटाचं तेल

कृती: आधी बियांना तेल चोळा. तेलाने पाणी आतच राहतं आणि बिया चिकटत नाहीत. मग पीठ तीन वेळा थोडं थोडं भुरभुरत हलक्या हाताने उधळल्यासारखं मिसळा. प्रत्येक पापडीला पिठाचा पातळ थर बसावा, भांड्याच्या तळाशी कोरडं पीठ उरू नये आणि गोळाही होऊ नये. वाफेच्या भांड्यात ओलं फडकं अंथरा, त्यावर बिया सैल पसरा, दाबू नका. खालचं पाणी आधीच उकळत असू द्या. वाफ आल्यापासून 8 ते 10 मिनिटं. उतरवल्या उतरवल्या झाकण काढा आणि काट्याने मोकळं करा, म्हणजे हिरवा रंग टिकतो.

लसूण मिठासोबत कुटा, व्हिनेगर आणि तिळाचं तेल घाला, आणि पानात वाढल्यावर वरून ओता.

बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. मीठ वाफवण्याआधी घातलं तर बियांना पाणी सुटतं आणि सगळ्याचा लगदा होतो. निथळण्याची घाई केली तर पिठाचा चिकट गोळा होतो. आणि जास्त वेळ वाफवलं तर रंग शेवाळी होतो आणि गोडवा जातो.

व्हिनेगर आवडत नसेल तर मोहरी, हिंग, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी वरून द्या. चिनी शेजाऱ्यांना हे चालेल का, अशी शंका काढू नका, त्यांना आवडतं. गव्हाचं पीठ चालत नसेल तर बाजारात गाओल्यांगचं पीठ मिळतं. गाओल्यांग म्हणजे ज्वारीच. ज्वारीच्या पिठात यूछ्येन छान होतात, मात्र पीठ थोडं कमी घाला.

दुसरे प्रकार थोडक्यात. बाजरीसारख्या पिवळ्या बारीक दाण्यांची, शाओमीची, पेज शिजत आली की शेवटच्या दोन मिनिटांत मूठभर बिया टाकायच्या. अंडं फेटून त्यात बिया, मीठ, थोडं पीठ घालून धिरडं. मक्याच्या पिठात मळून आतून पोकळ शंकूसारखे वोथोउ करायचे आणि वीसेक मिनिटं वाफवायचे. जुन्या बीजिंगमध्ये साखर आणि पिठासोबत वाफवून यूछ्येनचा गोड केक करत. 1906 मध्ये छापलेल्या बीजिंगच्या सणवारांच्या वर्णनात तो तिसऱ्या चांद्र महिन्याचा पदार्थ म्हणून नोंदलेला आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी, सहाव्या शतकात, 'ज्या सशे' नावाच्या लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथात एल्म कसा लावावा आणि त्याच्या बियांचं आंबवलेलं तोंडीलावणं कसं करावं, हे दोन्ही लिहिलेलं आहे.

शाकाहारी असाल तर घरी केलेले यूछ्येन निर्धास्त खा, पण बाहेरच्या यूछ्येन बाओझमध्ये, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या पावांमध्ये, डुकराचं मांस किंवा चरबी असू शकते. 'वो छी सू' (मी शाकाहारी आहे) एवढं सांगून भागत नाही, 'यौ रो मा?' (मांस आहे का?) हेही विचारा.

८. वयस्कर माणसांच्या घरी जेवताना

हा टप्पा स्वयंपाकाचा नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1959 ते 1961 च्या दुष्काळात उत्तर चीनमधल्या असंख्य घरांना एल्मने जगवलं. आधी बिया, त्या संपल्यावर पानं, आणि शेवटी खोडाची आतली साल वाळवून, दळून, तिचं पीठ. ती साल चिकट असते, इतर भरड पिठाला बांधून ठेवते. पण साल सोलली की झाड मरतं, म्हणजे पुढच्या वसंतात बियाही नाहीत. हे माहीत असूनही लोकांनी साल सोलली.

त्यामुळे ऐंशीच्या आसपासचे आजी-आजोबा यूछ्येनकडे दोन तऱ्हांनी बघतात. काहींना ती बालपणाची चव वाटते आणि ते दरवर्षी हौसेने करतात. काही ताटाला हातही लावत नाहीत. आग्रह करू नका, आणि 'किती छान, किती नैसर्गिक' असं कौतुकही त्यांच्यासमोर लांबवू नका. ते स्वतःहून सांगू लागले तर चमचा खाली ठेवून ऐका.

९. साठवणं, आणि कोणत्या बियांना हात लावू नये

न धुतलेल्या कोरड्या बिया भोकं असलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकतात. जास्त असतील तर उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच थंड पाण्यात टाका, पिळा, एका वेळेपुरते गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा. हे गोळे धिरड्याला आणि पेजेला चालतात, वाफवायला नाहीत.

पहिल्यांदा थोड्याच खा. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर दोन-तीन पापड्यांपासूनच सुरुवात करावी आणि ओठ किंवा घसा खाजला तर थांबावं. पालकाच्या कितीतरी पट लोह, झोपेवर रामबाण वगैरे संदेश फिरत असतात. त्यांच्या भरवशावर कोणतंही औषध बंद करू नका.

यूछ्येन चालतात म्हणून झाडांच्या सगळ्या बिया चालतात असं नाही, आणि नव्या माणसाची चूक इथेच होते. विस्टेरियाच्या जांभळ्या फुलांचे केक बीजिंगमध्ये हौसेने खातात, पण त्याच वेलाच्या शेंगा आणि बिया विषारी आहेत. कडू जर्दाळूच्या बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. शरदात पडणाऱ्या गिंकोच्या बिया कच्च्या तर खायच्याच नाहीत, शिजवलेल्याही मोजक्याच, आणि लहान मुलांना देऊ नयेत.

यूछ्येनचा हंगाम हुकला तर त्याच सुमारास बाजारात श्यांगछुन नावाच्या झाडाचे तांबूस कोंब मिळतात. ते उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून, पाणी फेकून मगच वापरा. एप्रिलच्या अखेरीपासून बाभळीसारख्या काटेरी झाडाची पांढरी सुवासिक फुलं, ह्वायह्वा, येतात. सातव्या टप्प्यातली कृती त्यांना जशीच्या तशी लागू पडते, फक्त पीठ थोडं जास्त लागतं. पांढरीच घ्या. शोभेच्या झाडांची गुलाबी फुलं खात नाहीत.